एका कागदाची आठ पानं: मुलांना कॉमिक्स वाचायला आणि स्वतःचं झीन काढायला कसं शिकवाल

पालकसभेत, सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक तक्रार हमखास कानावर येते: "वाचतो हो, पण नुसती चित्रांची पुस्तकं. खरं पुस्तक हातात धरेल तर शपथ." कोथरूडमध्ये मी सुट्टीत मुलांबरोबर कॉमिक्स वाचते आणि त्यांच्याकडून छोटी पुस्तकं करून घेते. त्या अनुभवावरून माझं उत्तर ठाम आहे: कॉमिक्स हे खरंच पुस्तक आहे. आणि मूल ते स्वतः करून चार जणांच्या हातात देतं, तेव्हा त्याच्या लिहिण्याला जी धार येते ती निबंधाच्या वहीत सहसा येत नाही. निबंध तपासला जातो. कॉमिक्स वाचलं जातं. हा फरक मुलांना बरोबर कळतो.

झीन म्हणजे स्वतः लिहिलेली, स्वतः चित्रं काढलेली, झेरॉक्स करून हातोहात वाटलेली लहानशी पुस्तिका. अमेरिकेत १९३० च्या दशकात विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी अशी घरगुती मासिकं काढायला सुरुवात केली. आपल्याला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही. शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखितं आणि मराठीतली, लिहिणाऱ्यांनीच जमेल तेव्हा काढलेली अनियतकालिकं याच घराण्यातली. त्यामुळे "हे काय नवीन फॅड?" असं आजोबांनी विचारलं, तर त्यांच्याच शाळेतल्या हस्तलिखिताची आठवण करून द्या. बहुतेक वेळा पुढची मदत तेच करतात.

वाचताना डोक्यात काय चालतं

पहिल्या चौकटीत ओट्यावर दुधाचं पातेलं आहे, गॅस चालू आहे, आई खिडकीत फोनवर बोलते आहे. दुसऱ्या चौकटीत पातेलं काळंकुट्ट, आईचा हात कपाळाला. दूध उतू गेलेलं कुठेच काढलेलं नाही. ते दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत उतू गेलं, आणि उतू घालवलं वाचणाऱ्या मुलाने. जे लिहिलेलं नाही ते जे दिसतंय त्यावरून ओळखणं, हेच काम उताऱ्याखालच्या "यावरून काय समजते?" या प्रश्नात असतं. कॉमिक्स वाचणारं मूल ते दर पानावर पाच-सहा वेळा करतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

शब्दसंपत्तीचा मुद्दा पालक हटकून काढतात, म्हणून एक जुना अभ्यास सांगते. १९८८ मध्ये हेज आणि अहरेन्स या अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या मजकुरांत दर हजार शब्दांमागे क्वचित वापरले जाणारे शब्द किती येतात ते मोजलं. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत १७.३, मुलांच्या पुस्तकांत ३०.९ आणि कॉमिक्समध्ये ५३.५. हा हिशोब इंग्रजीचा आहे, मराठीला आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण "चित्रं आली की भाषा पातळ होते" ही समजूत त्याने नक्की डळमळीत होते.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक फायदा, आणि तो पुण्यातल्या घराघरांचा आहे. इंग्रजी माध्यमातली असंख्य मुलं घरी अस्खलित मराठी बोलतात, पण मराठी पान समोर आलं की अडखळतात. पुस्तकातलं मराठी त्यांच्या कानावरचं नसतं. "तो तेथून निघून गेला" असं घरी कोण बोलतं? कॉमिक्सच्या फुग्यात मात्र "अरे, थांब ना!", "मला नाही जमणार", "आई गं!" अशी तोंडातली भाषा असते. मूल अर्धा शब्द वाचतं आणि उरलेला कानाने पूर्ण करतं. वाक्य दोन-चार शब्दांत संपतं, त्यामुळे दमायच्या आत एक फुगा पार पडलेला असतो. शेजारचं चित्र अर्थ सांभाळून घेतं. जोडाक्षरांना घाबरणाऱ्या मुलांना या वाटेने मराठी वाचनात परत येताना मी पाहिलं आहे.

वाचायला काय द्यायचं

सुरुवात 'चिंटू'पासून करा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली आणि तिचे संग्रह पुस्तकरूपात आले आहेत. तीन-चार चौकटींत गोष्ट सुरू होऊन संपते, आणि घर, शाळा, शेजार सगळं ओळखीचं. मूल पुढे स्वतः काढायला बसेल तेव्हा एवढ्याशा जागेत गोष्ट कशी मावते हे त्याला आधीच माहीत असेल. 'अमर चित्र कथा' अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली, तिची पुस्तकं मराठीतही निघाली आहेत. घरात कुणाच्या माळ्यावर वेताळाची जुनी इंद्रजाल कॉमिक्स असतील तर ती जरूर काढा, मात्र आधी स्वतः चाळा, कारण त्यातली आदिवासींची चित्रं आज मुलांशी बोलूनच दाखवावी अशी आहेत. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि त्यातली चित्रं बघणं हाच एक स्वतंत्र अभ्यास आहे.

अजून न वाचणाऱ्या किंवा वाचायला कंटाळणाऱ्या मुलासमोर शि. द. फडणीस यांची शब्दाविना हास्यचित्रं ठेवा. "यात गंमत कुठे आहे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मूल बोट ठेवून दाखवतं, मग कारण सांगतं, मग सांगताना वाक्यं लांबत जातात.

नवी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतील. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मुलाला ठरावीक पैसे देऊन त्याचं त्यालाच निवडू द्या. एखादा रविवार बालेवाडीतल्या आर. के. लक्ष्मण संग्रहालयासाठी ठेवा. आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात चित्रकथीची चित्रं आहेत, त्यांची चौकशी करा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार सुट्या कागदांवर काढलेली चित्रं एकामागून एक दाखवत, गात-सांगत रामायण-महाभारतातली आख्यानं सादर करतात. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांच्या क्रमाने गोष्ट सांगणं ही आपलीच जुनी कला आहे, हे मुलांना तिथे कळतं.

वाचताना तीन खेळ करून बघा. फुग्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि संवाद मुलाला बोलू द्या. एक चौकट झाका आणि तिथे काय घडलं असेल ते विचारा. किंवा घरातल्यांनी एकेक पात्र वाटून घेऊन मोठ्याने वाचा. यातला पहिला खेळ मला सगळ्यात आवडतो, कारण पट्टी उचलून मूळ संवाद वाचल्यावर मुलं पुष्कळदा म्हणतात, "माझा चांगला होता." तिथेच झीन करायची वेळ झाली असं समजा.

सामान

ए-फोर आकाराचे साधे झेरॉक्सचे कागद, पेन्सिल, खोडरबर, काळं जेल पेन, कात्री. बास. ड्रॉइंगचा जाड कागद घेऊ नका, आठ पानांच्या घड्यांत तो फुगतो आणि पुस्तिका मिटत नाही. रंगपेटी पहिल्या झीनला लांबच ठेवा. रंगीत झेरॉक्स महाग पडते, आणि साध्या झेरॉक्समध्ये पिवळा रंग जवळजवळ उडतो, लाल मात्र काळपट येतो. मुलाने तासभर रंगवलेलं सूर्यफूल राखाडी होऊन आलं की त्याचा चेहरा बघवत नाही.

घडी

कागद आडवा धरा. लांब कडेवर लांब कड ठेवून घडी घाला, उघडा. आता आखूड कडेवर आखूड कड ठेवून घडी घाला, उघडा. मग दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून घड्या घाला, उघडा. कागदावर आठ सारखे आयत दिसतील, वर चार, खाली चार. नखाने प्रत्येक घडी नीट दाबा, सगळी सफाई तिथेच आहे.

आता कागद पुन्हा आखूड कडा जुळवून अर्धा मिटा. मिटलेल्या बाजूकडून, मधल्या आडव्या घडीवर, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कापा. उघडल्यावर कागदाच्या मधोमध एक आडवी चीर दिसली पाहिजे, दोन आयतांच्या रुंदीची. चीर कडेपर्यंत गेली असेल तर तो कागद बाजूला ठेवून नवा घ्या.

शेवटी कागद लांबीत मिटा आणि दोन्ही टोकं हातात धरून एकमेकांकडे ढकला. चीर फाकते, वरून अधिकचं चिन्ह दिसतं. आणखी ढकलून पानं एका बाजूला फिरवा, की तळहाताएवढं आठ पानांचं पुस्तक तयार. ना डिंक, ना स्टेपलर. पान साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं.

मुलं इथे थोडा वेळ नुसती घडी उघड-मिट करत बसतात. करू द्या.

पानांचा क्रम पाठ करण्याच्या फंदात पडू नका. कोऱ्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने १ ते ८ आकडे घाला आणि कागद उघडा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ आणि वरच्या ओळीत उलटे ५, ४, ३, २ दिसतील. उलट्या पानांवर काढताना कागद फिरवायचा. एवढं सांगूनही कुणाचं तरी पान उलटं येतंच, म्हणून चित्र पेनाने पक्कं करण्याआधी या आकडे घातलेल्या कागदाशी एकदा ताडून बघायची सवय लावा.

गोष्ट कुठून आणायची

"काय काढू?" या प्रश्नाला "काहीही काढ" हे उत्तर देऊ नका. त्यातून सुपरहिरो, राक्षस आणि स्फोट निघतो आणि तिसऱ्या पानावर दम संपतो. गेल्या आठवड्यात घडलेली, पाच मिनिटांत संपलेली एक गोष्ट मागा. बस चुकली. डब्यात कारलं निघालं. सिग्नलला पाऊस आला.

चौथीतल्या एका मुलीने लिहून आणलं होतं: "मी आणि आजी मंडईत गेलो. आजीने भेंडी घेतली. मग आम्ही घरी आलो." मी तिला एकच विचारलं, "आजीचे हात काय करत होते?" ती लगेच म्हणाली, "टोकं मोडत होती! कोवळी आहे का बघायला." बस्स, गोष्ट सापडली. मुखपृष्ठावर 'आजी आणि भेंडी'. दुसऱ्या पानावर भेंडीचा ढीग. तिसऱ्यावर फक्त आजीची दोन बोटं, एक भेंडी, आणि मोठ्या अक्षरांत 'टक्'. चौथ्यावर भाजीवाल्या मावशींचे नुसते डोळे. पाचव्यावर पुन्हा बोटं, पुन्हा 'टक्', ढिगाशेजारी मोडलेली टोकं वाढलेली. सहाव्यावर मावशी म्हणतात, "आजी, भेंडी घेताय की नुसती टोकं?" सातव्यावर आजी पिशवी पुढे करते, "कोवळी आहे हो. दे अर्धा किलो." आठव्यावर घरी आजोबांचा फुगा: "आज पुन्हा भेंडी?"

तीन वाक्यांच्या निबंधात जे नव्हतं ते सगळं इथे आलं, आणि घरून निघणं, रिक्षा, परत येणं हे सगळं तिने आपणहून गाळलं. काय गाळायचं हे ठरवता येणं म्हणजे लिहिता येणं, असं मी मानते. म्हणून चौकटी ठरवताना थोडा जास्त वेळ द्या. एका रद्दी कागदावर काड्यापेटीएवढे आठ चौकोन आखून प्रत्येकात कामचलाऊ चित्र काढायला लावा. प्रत्येक चौकोनाबद्दल विचारा: हे काढून टाकलं तर गोष्ट कळेल का? कळत असेल तर ते पान दुसऱ्या कशाला तरी द्या. दूरचं चित्र, जवळचं चित्र, अगदी जवळचं चित्र असा पालट हवा. सगळ्या पानांवर माणसं डोक्यापासून पायापर्यंत उभी असली की झीन वर्गाच्या फोटोसारखं दिसतं.

चित्र "येत नाही" म्हणणाऱ्यांना काडीमाणसं काढू द्या. इथे एलिमेंटरीची परीक्षा नाही. आजी ओळखू येण्यासाठी अंबाडा आणि चष्मा पुरतो, फक्त तो प्रत्येक पानावर तसाच हवा.

फुगे आणि अक्षरं

इथे देवनागरीची स्वतःची काही पथ्यं आहेत आणि इंग्रजी पुस्तकांतल्या सूचना कामाला येत नाहीत. मुलं आधी फुगा काढतात आणि मग त्यात शब्द कोंबतात. शेवटचं अक्षर भिंतीला चिकटतं, 'भेंडी'ची वेलांटी बाहेर जाते. उलट करा. आधी पेन्सिलीने शिरोरेषेची बारीक रेघ मारा, तिला अक्षरं टांगा, मग भोवती फुगा काढा. दोन ओळींत जवळजवळ एका अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्या तिथे एकमेकींना भिडतात. एवढ्याशा पानावर एका फुग्यात आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ नका.

जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे आणि वर. शेपटी तोंडाकडे वळलेली, पोटाकडे नाही. मनातल्या बोलण्याला ढग, ओरडण्याला काटेरी कड. ही चार चिन्हं मुलांना वाचून माहीत असतात, फार शिकवावी लागत नाहीत.

आवाजांवर मात्र मनसोक्त रेंगाळा. मराठीकडे आवाजांचं भांडार आहे. एका पावसाला रिपरिप, पिरपिर, टपटप, भुरभुर, धो धो. फोडणी चुर्र करते, कुकर फुस्स करतो, दप्तर धपकन पडतं, भांडी खणखणतात. मुलांना डोळे मिटून दोन मिनिटं घरातले आवाज ऐकायला सांगा आणि ऐकू येईल तसं लिहायला लावा. शुद्धलेखन इथे बाजूला. 'खट्याक' की 'खटॅक' हे ज्याच्या दाराचा आवाज आहे त्याने ठरवायचं.

पक्कं करणं आणि झेरॉक्स

पेन्सिलीवरून काळ्या पेनाने गिरवा, शाई वाळली की खोडा. घाई केली तर पान माखतं. कागदाच्या चारही कडांपासून अर्धा सेंटिमीटर आत राहा, कडेची पट्टी मशीन छापत नाही. मोठे काळे भाग रेघारेघांनी भरा, कारण ठोकळ काळा रंग झेरॉक्समध्ये पट्टेरी येतो.

मुलाला घेऊनच दुकानात जा. कॉलेजांच्या आसपास, टिळक रोडला, कुठल्याही पेठेत झेरॉक्सवाला सापडतो, आणि एका बाजूची प्रत दोन-तीन रुपयांत निघते. मागणी मुलाला करू द्या: "काका, एका बाजूने, दहा प्रती." घडी आणि चीर झेरॉक्सवर घालायची, मूळ कागद सपाटच ठेवायचा. म्हणजे नीट छापायचं झीन दुसऱ्या, न कापलेल्या कागदावर काढायचं. पहिला घडी घातलेला कागद फक्त नमुना.

वाटणं

ही पायरी गाळली तर सगळं चित्रकलेच्या वहीत जमा होतं. दहा प्रती म्हणजे दहा माणसं: शेजारच्या काकू, ग्रंथपाल, शाळेच्या बसमधल्या मावशी, आजी तर हवीच. देताना मुलाने स्वतः द्यावं आणि वाचून होईपर्यंत थांबावं. वाचणारा कुठे हसला, कुठे मागचं पान उलटून परत बघितलं, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. पान कुठे कळलं नाही हेही दिसतं. मोठ्यांनी सुधारून दिलेल्यापेक्षा हे त्याच्या जास्त लक्षात राहतं. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीत चौकात उभं राहून वाहतुकीचे नियम सांगणारी, स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं वाहनचालकांना हातोहात वाटायचे. पुण्यातल्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगा.

शेवटच्या पानावर फक्त पहिलं नाव आणि इयत्ता लिहू द्या, पत्ता किंवा फोन नको. खऱ्या माणसावर गोष्ट असेल तर त्याला आधी दाखवायची. आवडत्या कार्टूनमधली पात्रं सरावाला ठीक, वाटायच्या अंकात पात्र स्वतःचंच.

वर्गात किंवा सोसायटीत

शिक्षकांसाठी थोडक्यात. घडी आणि खेळ एका तासिकेला, गोष्ट आणि कच्च्या चौकटी दुसऱ्या, पक्कं करणं तिसऱ्या. मग प्रत्येकाने पाच प्रती आणायच्या आणि अदलाबदल करायची. गुण देऊ नका. शुद्धलेखन सुधारायचं तर कच्च्या चौकटींवर, पेन्सिलीने, आणि फुग्यातली बोली तशीच राहू द्या. "आजी असंच बोलते," असं मूल म्हणालं तर ते बरोबर आहे.

मोठ्या मुलांना भिंतीवरचं कॉमिक्सही जमतं. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने ही पद्धत गावोगाव पोहोचवली: दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी, एक स्थानिक प्रश्न. ओला-सुका कचरा एकत्र टाकणारे शेजारी, जिन्यात लावलेल्या सायकली, शाळेसमोरचा रस्ता ओलांडणं. लिफ्टशेजारी लावलं की सगळे वाचतात. नावानिशी कुणाचा अपमान होणार नाही एवढं बघा.

आणि मोठ्यांसाठी एकच सूचना. मुलाच्या कागदावर स्वतः पेन्सिल टेकवू नका, "जरा नाक नीट करून देते" असंही नाही. हात शिवशिवले तर स्वतःचा वेगळा कागद घ्या आणि शेजारी बसून स्वतःचं झीन काढा. आपल्या आईलाही घोडा येत नाही हे पाहून मुलं फार मोकळी होतात.

मूळ सपाट कागद पुठ्ठ्याच्या फायलीत, मागे तारीख घालून ठेवा. कुणी ना कुणी आणखी प्रत मागतंच. आणि दुसऱ्या अंकाची मागणी आपण करायची नाही. ती काकू, ग्रंथपाल किंवा बसमधल्या मावशींकडून येते: "पुढे काय झालं त्या आजींचं?"